सर्व्होच्या पुडीतल्या चार रबरी कड्या



या पानावर आपण सण, नाटके, सहली आणि पाककृती यांबद्दल नेहमी वाचतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण हल्ली आपल्या बऱ्याच घरांत शिरलेला आहे. विषय आहे रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानाचा. कोणाचा नातू एन.सी.सी.च्या हवाई शाखेत आहे. ही शाखा १९५० साली मुंबई आणि कोलकाता येथून सुरू झाली आणि एअरोमॉडेलिंग हा तिच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. कोणाची नात इंजिनिअरिंगच्या स्पर्धेसाठी विमान बनवते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या बडोद्यात सी-२९५ विमानांच्या जोडणीचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून तर मुलांच्या तोंडी विमानाशिवाय दुसरा विषय नाही.

लहरीपुऱ्यात आम्ही काही निवृत्त मंडळी सुट्टीच्या दिवशी या मुलांबरोबर बसतो. आमच्यात कोणी रेल्वेतले, कोणी शाळेतले, आणि हा लेख लिहिणारे आम्ही बी.कॉम. होऊन बँकेत आयुष्य काढलेले. इंजिनिअर कोणीच नाही. पण मुलांचे प्रश्न ऐकून, पुस्तके वाचून आणि हाताने करून काही गोष्टी समजल्या आहेत. त्यांतली एकच इथे सांगतो, कारण ती अगदी लहान आहे आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

सर्व्हो विकत घेतला की त्याबरोबर एक छोटी पुडी येते. तिच्यात चार काळ्या रबरी कड्या असतात, चार पितळी नळ्या असतात आणि चार स्क्रू असतात. रबरी कडीला ग्रोमेट म्हणतात आणि पितळी नळीला आयलेट. बुटाच्या नाडीच्या भोकात धातूची कडी असते ना, तशीच ही नळी दिसते, फक्त जरा उंच. मुले विचारतात, "आजोबा, हे नाही लावले तर चालेल का? स्क्रू तर थेटसुद्धा बसतो."

इंजिनाच्या विमानात चालत नाही. आणि लावले पण चुकीचे लावले, तर न लावल्यासारखेच. असे का, ते पाहू.

सर्व्हो काय करतो

सर्व्हो हा विमानाचा स्नायू. जमिनीवरून आपण काडी हलवली की रेडिओमार्फत विमानातल्या रिसीव्हरला खबर जाते, रिसीव्हर सर्व्होला सांगतो आणि सर्व्होचा छोटा हात फिरून तारेने विमानाचे शेपूट किंवा पंखाची पट्टी हलवतो. नेहमीच्या मापाचा सर्व्हो साधारण ४० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद आणि ४० ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा म्हणा.

त्याच्या पोटात चार गोष्टी असतात. एक छोटी मोटर, दातेरी चाकांची माळ, एक इलेक्ट्रॉनिक पाटी आणि एक पोटेन्शिओमीटर. शेवटचे नाव अवघड वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे तीच असायची. सर्व्होचा हात आत्ता कुठे आहे, हे ती पाटीला सांगते. रिसीव्हरकडून सेकंदाला साधारण ५० वेळा इशारा येतो. इशारा दीड मिलिसेकंदाचा असेल तर हात मध्यावर, एक मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला, दोनचा असेल तर दुसऱ्या टोकाला. सांगितलेली जागा आणि हाताची खरी जागा यांचा मेळ बसेपर्यंत मोटर फिरत राहते. बँकेत रोजच्या रोज रोकड जुळवतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे ती सेकंदाला ५० वेळा जुळवली जाते.

आता जुना रेडिओ आठवा. बटण फिरवले की खरखर व्हायची, कारण आतली पट्टी झिजलेली असायची. सर्व्होची पट्टी अशी झिजली तर काय होईल? हात कुठे आहे ते पाटीला नीट कळणार नाही. शेपूट आपोआप थरथरेल, आणि एखाद्या क्षणी भलतीकडेच वळेल.

थरथरीचा घसारा

ही झीज बरीचशी इंजिनाच्या थरथरीने होते. शिकाऊ विमानांत साडेसात सी.सी.च्या आसपासचे एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन पुष्कळ वापरले जाते. पूर्ण वेगात ते मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या घरात जाते. म्हणजे सेकंदाला २०० फेऱ्या, आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे दर फेरीला एक स्फोट. पिस्टन एकच असल्याने त्याच्या वरखाली होण्याला तोल द्यायला दुसरा पिस्टन नसतो. सगळा हिसका विमानाच्या लाकडात उतरतो.

आमचा हिशेबी स्वभाव, म्हणून आकडा मांडतो. सेकंदाला २०० धक्के आणि दहा मिनिटांचे एक उड्डाण, म्हणजे एका उड्डाणात १,२०,००० धक्के. हंगामात ५० उड्डाणे झाली, तर ६० लाख. एकेक धक्का क्षुल्लक असतो, पण लेखा ठेवणाऱ्या माणसाला घसारा म्हणजे काय ते ठाऊक असते. यंत्र एका दिवसात मोडत नाही, ते रोज थोडे थोडे कमी होत जाते. सर्व्होत पोटेन्शिओमीटरची पट्टी झिजते, पाटीवरचे झाळलेले जोड तडकतात, तारा मुळाशी तुटतात आणि स्क्रू आपोआप सैल होतात. बाहेरून सर्व्हो नव्यासारखा दिसतो.

यात पैशाचे नुकसान होतेच, पण तो मुद्दा दुसरा. पहिला मुद्दा माणसांचा. अडीच किलोचे विमान ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असताना ताबा सुटला, तर त्याच्यात ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या जवळजवळ पाचपट ऊर्जा असते. मोतीबागेवर सामने पाहिलेल्या बडोदेकरांना अशा चेंडूचा अर्थ वेगळा सांगायला नको. शिवाय चेंडूला पुढे फिरता पंखा नसतो.

रबर काय करते

घरी एक प्रयोग करून पाहा. स्टीलच्या छोट्या डबीला दोन-तीन रबरबँड एकमेकांत गुंफून बांधा आणि हातात लोंबती धरा. हात सावकाश वर-खाली केला, तर डबी हाताबरोबरच हलते. वेग थोडा वाढवला की एका ठरावीक लयीत ती हातापेक्षाही जास्त उड्या मारू लागते. ही तिची स्वतःची लय. आता हात खूप भरभर हलवा. डबी जवळजवळ जागेवर थांबते. हात थरथरतो, रबर ताणले-आखडले जाते आणि डबीपर्यंत फारसे काही पोहोचत नाही.

ग्रोमेटचे सगळे शास्त्र या डबीत आहे. बाहेरची थरथर टांगलेल्या वस्तूच्या स्वतःच्या लयीच्या साधारण १.४ पटीहून जलद झाली की रबर ती थर अडवू लागते, आणि जितकी जलद तितकी जास्त अडवते. रबर मऊ असेल तर वस्तूची लय संथ होते आणि थर लवकर अडते. रबर कडक झाले की लय जलद होते, अडवणे कमी होते, आणि दुर्दैवाने दोन्ही लयी जुळल्या तर थरथर उलट वाढते.

हे तत्त्व आपण रोज पाहतो. मिक्सरला रबरी पाय असतात. आमच्यातले रेल्वेवाले सांगतात की काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ थेट टेकवत नाहीत, मध्ये रबराची पट्टी असते. तीच युक्ती सर्व्होत चार कड्यांनी साधते.

मग स्पंजातच का गुंडाळू नये?

हा प्रश्न एका मुलीने विचारला आणि तो फार चांगला प्रश्न आहे. रिसीव्हर आणि बॅटरी खरोखरच स्पंजात गुंडाळून ठेवतात. मग सर्व्हो का नाही?

कारण रिसीव्हरला काही ढकलायचे नसते, सर्व्होला असते. साध्या सर्व्होची ताकद ३ ते ४ किलो-सेंटीमीटर असते. म्हणजे मध्यापासून एक सेंटीमीटरवर तो तीन-चार किलोचा जोर लावू शकतो. जितक्या जोराने तो तार ओढतो, तितक्याच जोराने तार त्याला उलट ओढते. तो स्पंजावर असता, तर शेपटाऐवजी स्वतःच हलला असता. गादीवर उभे राहून कपाट सरकवण्यासारखे ते झाले असते. शिवाय ढिल्या शेपटाला हवेत फडफड सुटते, आणि ती फडफड काही क्षणांत विमान मोडू शकते.

म्हणून सर्व्होला दोन उलट गोष्टी हव्या असतात. थरथर अडवण्यासाठी थोडा मऊपणा, आणि तार ओढण्यासाठी पक्का आधार. ग्रोमेट पहिली गोष्ट देते. दुसरी गोष्ट पितळी आयलेट सांभाळते, कारण रबर किती दाबले जावे याची मर्यादा तीच ठरवते.

आयलेट रबराच्या जाडीपेक्षा किंचित आखूड असते. स्क्रू पिळत गेलो की रबर थोडे दाबले जाते, मग स्क्रूचे डोके पितळेला टेकते आणि आयलेटचे दुसरे टोक लाकडाला. त्यानंतरचा सगळा ताण पितळ घेते, रबर घेत नाही. स्क्रू घट्ट राहतो आणि रबर मोकळे राहते. आयलेट गाळली, तर स्क्रूला थांबायला जागा उरत नाही. मूल ताकद लावून पिळत जाते, रबर चेपून बाजूला फुगते आणि दगडासारखे होते. दिसायला ग्रोमेट आहे, पण काम शून्य. पिळायचे कमी केले, तर स्क्रू सैल राहून थरथरीने निघून येतो. या पेचातून पितळेचा तो छोटा तुकडाच सोडवतो.

बसवायची रीत

१. फळीतली खिडकी: सर्व्हो ज्या प्लायच्या फळीत बसतो, तिची खिडकी सर्व्होपेक्षा चारही बाजूंनी सुमारे एक मिलिमीटर मोठी हवी. सर्व्होचे अंग लाकडाला एका जागी जरी टेकले, तरी थरथर तिथूनच आत जाते आणि चारही ग्रोमेटचा उपयोग संपतो. वायर निघते तिथेही जागा ठेवा आणि वायर ताणून बांधू नका.

२. ग्रोमेट: सर्व्होच्या दोन्ही कानांवर दोन-दोन खाचा असतात. ग्रोमेटची खोबण त्या खाचेत सरकवा. रबर पिळलेले किंवा अर्धे बाहेर राहू देऊ नका.

३. आयलेट खालून: याच जागी सर्वांत जास्त गोंधळ होतो. आयलेटच्या एका टोकाला पसरट काठ असतो. तो काठ लाकडाच्या बाजूला हवा. म्हणजे आयलेट खालून वर घालायची आणि स्क्रू वरून खाली. पसरट काठ लाकडावर भार पसरवतो. उलट घातली, तर नळीचे बारीक टोक मऊ लाकडात रुतते आणि रुतले की स्क्रू आपोआप ढिला होतो.

४. भोक: स्क्रूसाठी आधी दीड मिलिमीटरचे भोक पाडा. थेट स्क्रू घुसवला तर प्लाय चिरते. स्क्रू एकदा पूर्ण बसवून काढा, भोकात पातळ सायनो गोंदाचा एक थेंब सोडा आणि पूर्ण वाळू द्या. आपण घरात फेविक्विक वापरतो, त्याच जातीचा हा गोंद. त्याने लाकडातले आटे कडक होतात. गोंद ओला असताना स्क्रू घालू नका, नाहीतर तो कायमचा तिथेच राहील. हे काम मोठ्यांच्या देखरेखीत आणि डोळे सांभाळून.

५. पिळणे: हाताचा छोटा स्क्रूड्रायव्हर घ्या, ज्याला आपण बडोदेकर डिसमिस म्हणतो तो. बॅटरीवर चालणारा नको. स्क्रूचे डोके पितळेला टेकले की हाताला स्पष्ट कळते. तिथे थांबा. त्यापुढचा अर्धा फेरासुद्धा नको.

६. खात्री: सर्व्होला बोटाने हलकेच ढकला. तो केसभर हलून परत जागेवर यायला हवा. अजिबात हलत नसेल, तर कुठेतरी लाकडाला टेकला आहे किंवा आयलेट राहिली आहे. डुगडुगत असेल, तर स्क्रू पितळेला टेकलेला नाही.

पुडी फेकून देऊ नका, हे वेगळे सांगायलाच हवे. आमच्याकडे एकदा आलेल्या सर्व्होच्या पाकिटात आयलेट तीनच निघाल्या. अशा वेळी तीनवर काम भागवू नये. सुट्या आयलेट आणि ग्रोमेट मिळतात, चौथी आणावी.

कुठे गरज नाही

प्रत्येक विमानाला हे लागते असे नाही. फोमच्या छोट्या विमानात विजेची मोटर असते. तिच्यात स्फोट नसतात, ती गुळगुळीत फिरते. तिथे बहुधा एस.जी. ९० सारखे नऊ ग्रॅमचे सर्व्हो वापरतात. त्यांना ग्रोमेट येतच नाहीत, ते साध्या स्क्रूने किंवा गोंदाने बसतात आणि व्यवस्थित चालतात.

विमान कुठलेही असो, थरथर आधी जिथे निर्माण होते तिथे कमी करावी. पंख्याची दोन्ही पाती समतोल आहेत का ते पाहावे. पंखा गुळगुळीत सळईवर आडवा तोलून धरला की जड पाते खाली जाते, तराजूच्या पारड्यासारखे. जड पात्याला हलकेच पॉलिश पेपर मारून तोल साधतात. पाते तडकलेले असेल तर मात्र दुरुस्ती नाही, पंखा सरळ टाकून द्यावा.

रबराचेही आयुष्य असते. या इंजिनांच्या इंधनात मेथॅनॉल असते आणि वंगणासाठी पुष्कळदा एरंडेल मिसळतात. हो, आपल्या आजीचेच एरंडेल, ज्याच्या पिकात गुजरात देशात पहिला आहे. हे तेलकट इंधन फळीपर्यंत झिरपते. त्यात बडोद्याचा ४० अंशांवरचा उन्हाळा आणि बंद गाडीत ठेवलेले विमान. रबर कडक होते, त्याला चिरा पडतात. पावसाळ्यानंतर नवा हंगाम सुरू करताना प्रत्येक ग्रोमेट नखाने दाबून पाहावे. नख रुतत नसेल तर बदलावे.

दुसरी सही

बँकेत व्हाउचर एक जण बनवतो आणि दुसरा तपासतो. पहिल्यावर अविश्वास असतो म्हणून नव्हे. आपणच लिहिलेला आकडा आपल्याच डोळ्यांना बरोबर दिसतो, म्हणून. विमानातही हीच पद्धत ठेवावी. विमान मुलाने जोडले, तर तपासणी दुसऱ्याने करावी. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. आजी-आजोबांना जमेल अशी यादी ही:

सोळा स्क्रू असतील तर सोळाही मोजले का? आयलेटचा काठ लाकडाकडे आहे का? सर्व्हो कुठे लाकडाला टेकतो का? रेडिओ सुरू केल्यावर, काडीला हात न लावता, शेपूट स्थिर आहे का? विमान मोठ्या माणसाने पक्के धरून, सर्वांनी पंख्याच्या मागे उभे राहून इंजिन सुरू केल्यावरही ते स्थिर आहे का? इंजिन बंद असताना स्थिर आणि सुरू होताच शेपूट थरथरू लागले, तर बहुधा थरथर आत पोहोचते आहे किंवा एखादा जोड सैल आहे. त्या दिवशी उड्डाण नाही. मूल कितीही रुसले तरी नाही.

उडवायचे कुठे

जोडणी लहरीपुऱ्यात करता येते, उड्डाण नाही. उत्तरायणाला अगाशीवरून पतंग उडवतो, तसे हे विमान उडवता येत नाही. ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत. त्यांत २५ किलोपर्यंतच्या, शिक्षण किंवा छंदासाठी डोळ्यांच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानांचाही समावेश आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. हरणीचा विमानतळ जवळ असल्याने जुने शहर सगळेच या टप्प्यात येते. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट उंचीपर्यंत, आणि त्यापलीकडच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा पाहूनच, गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात, जाणत्या माणसाबरोबर जावे.

आपल्या शहरात हाताने शिकण्याची परंपरा जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. दादासाहेब फाळके तिथे शिकले, आणि पुढे त्याच कलाभवनातून महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशाखा उभी राहिली. त्या मानाने चार रबरी कड्या ही फार छोटी गोष्ट. पण ज्या मुलाला स्क्रू कुठे थांबवायचा हे हाताने कळले, त्याला पुढचे पुष्कळ शिकवायला सोपे जाते.

तेव्हा घरात विमान असेल तर आज त्याचे झाकण उघडा, नातवंडाला शेजारी बसवा आणि आयलेटचा काठ कोणत्या बाजूला आहे ते दोघे मिळून पाहा. पहिली सही त्याची, दुसरी तुमची.